शेवाळी गाडीचं दार

माझ्या गाडीचा बाजूचा आरसा एका भिंतीला आवडला आणि तिने तो ठेवून घेतला. नवा आणायला शोरूममध्ये गेलो, तर तिथला टायवाला म्हणाला, "हे मॉडेल आता बंद झालं." हे सांगताना त्याने गाडीवरची नजर उचलून माझ्यावर अशी काही आणली, की आपलंही उत्पादन थांबलं असावं असं मला वाटून गेलं. मग कुणीतरी गावाबाहेरच्या, पत्र्याच्या कुंपणाआडच्या भंगार यार्डाचा पत्ता दिला.

तिथे, गाडी नसलेल्या एका सीटवर, एक गृहस्थ बसले होते. अंगात तेलकट निळा डगला, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली, आणि चेहऱ्यावर मुलीला मागणी घालायला आलेल्या माणसाकडे पाहावं तसा संशय.

"आरसा हवाय," मी म्हणालो.

"गाडी कोण चालवतं?"

"मीच."

"धुता?"

"कधी कधी."

"म्हणजे नाही. घरात रागीट कोण आहे?"

"त्याचा काय संबंध?"

"दार कोण आपटतं ते कळायला नको? दार आपटलं की आरशाला हादरा बसतो."

मी घरातल्या रागीट व्यक्तीचं नाव सांगायचं टाळलं; तेही ते समजले. आत जाऊन त्यांनी एक आरसा आणला, जुन्या सदऱ्याच्या तुकड्याने पुसला, त्याच तुकड्यात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "एका शिक्षिकेच्या गाडीचा आहे. चांगल्या घरातला. सांभाळा." त्यांचे डोळे खरोखर ओले झाले होते. मी आरसा घेऊन निघालो तेव्हा आपण कुणाची तरी लेक घेऊन चाललो आहोत आणि आता वर्षभर नीट वागावं लागणार, अशी माझी भावना झाली.

सगळं यार्ड त्यांना सासरेबुवा म्हणायचं आणि गिऱ्हाइकांना जावई. मीही त्या दिवशी जावई झालो. माझी गाडी पाहता, सासुरवाडीला वारंवार जाणं मला भागच होतं.

त्या वर्षी सरकारने योजना काढली : जुनी गाडी द्या, नव्या गाडीवर घसघशीत सूट घ्या. हेतू चांगला होता. हवा स्वच्छ होणार होती आणि कारखानेही चालणार होते. फक्त गावातल्या धडधाकट गाड्यासुद्धा एका आठवड्यात म्हाताऱ्या झाल्या. कालपर्यंत "हिला अजून काही झालेलं नाही" असं छातीठोकपणे सांगणारे लोक "आता काही राहिलं नाही हो हिच्यात" म्हणू लागले, आणि यार्डाच्या फाटकावर गाड्यांची रांग लागली. कुणाच्या मागच्या काचेवर मुलांनी चिकटवलेली चित्रं तशीच, कुणाच्या आरशाला लटकवलेलं माकड तसंच.

योजनेची अट अशी, की आलेल्या गाडीचं इंजिन पुन्हा कधी चालता कामा नये. त्यासाठी आतलं तेल काढून घ्यायचं, तापल्यावर काचेसारखं घट्ट होणारं एक पाणी ओतायचं, आणि गाडी चालू करून इंजिन जाम होईपर्यंत ॲक्सिलरेटर पायाने दाबून धरायचा. हे काम सासरेबुवा दुसऱ्या कुणाला करू देत नसत. "तुम्ही हसता रे करताना," म्हणायचे. स्वतः आत बसायचे, एक हात डॅशबोर्डवर ठेवायचे, आणि इंजिन ओरडत ओरडत थांबलं की थोडा वेळ तसेच बसून राहायचे.

बाकीचे भाग काढून विकायला परवानगी होती, पण मुदतीच्या आत. मुदत संपली की उरलेला सांगाडा प्रेसमध्ये जायचा आणि पलीकडून त्याचा चौकोनी ठोकळा बाहेर पडायचा. सांगाड्याचं वजन मात्र कागदाशी जुळायला हवं. म्हणून सासरेबुवांनी एक रीत पाडली होती : चांगलं दार काढलं, की त्या जागी कुठलंतरी मोडकं दार बसवायचं. सरकारला वजन मिळायचं आणि जावयांना दारं.

क्रेन चालवायला बगळा असायचा. त्याची मान लांब, पाय लांब, आणि एका जागी मुकाट बसून राहायची तपश्चर्या मोठी. तो मध्येच वरून ओरडायचा, "सासरेबुवा, ही घ्यायची का खाली?" आणि सासरेबुवा ओरडायचे, "थांब रे मेल्या, अजून तिचं आवरून झालं नाही!"

त्यांची स्वतःची एक गाडी होती. शेवाळी रंगाची, माझ्या गाडीएवढीच वयस्कर, आणि योजनेत ज्या जातीची सर्वांत जास्त भावंडं येऊन पडत होती त्याच जातीची. यार्डाचे मालक त्यांना चिडवायचे, "हिलाही आणा आता योजनेत." सासरेबुवा नुसते हात झटकायचे. मला वाटायचं, जुन्या वस्तूंचा लोभ. खरं कारण कळलं ते, एकदा माझी गाडी यार्डात अडकून पडली आणि ते मला घरी सोडायला निघाले, त्या संध्याकाळी.

"वाटेत घरी थांबू जरा," ते म्हणाले. "हिला चक्कर मारून आणायची असते."

घराच्या पायरीवर काकू उभ्या होत्या. केस नीट विंचरलेले, हातात पर्स, चेहरा ओळख नसलेल्या स्टेशनवर उतरल्यासारखा. त्यांच्या मागे सासरेबुवांची थोरली बहीण होती. काकूंची आठवण उतरणीला लागल्यापासून ती इथेच राहायला आली होती. काकू आधी किल्ल्या विसरल्या, मग वार, मग शेजारीपाजारी. शेवटी नवऱ्यावर पाळी आली. घरात त्या सासरेबुवांना एखाद्या अवघडलेल्या पाहुण्यासारखं वागवायच्या. "ते गृहस्थ कधीचे बसलेत, त्यांना चहा तरी विचारा," असं नणंदेला हळूच सांगायच्या. नणंद तिखट. ती म्हणायची, "तीस-पस्तीस वर्षं बसलाय तो. चहाची सवय आहे त्याला."

काकू गाडीत बसल्या. त्यांच्या बाजूचं दार पहिल्या ओढीत लागलं नाही. ते जरा उचलून आपटावं लागायचं. त्यांनी उचललं आणि आपटलं. हात ते काम आपोआप करत होते. गाडी निघाली. पहिल्याच वळणावर दाराच्या पोकळीत काहीतरी घरंगळलं. टक्, डुग्, टक्.

काकूंच्या कपाळावर आठी पडली. आणि त्या आठीतून एक अख्खी बाई परत आली.

"अहो, काढलं नाहीत ना ते अजून?"

"रविवारी काढतो गं."

"कुठल्या रविवारी? जगाच्या गाड्यांचे आजार काढता, आणि घरच्या गाडीच्या पोटात काय पडलंय ते बघवत नाही तुम्हाला."

"बघतो म्हटलं ना."

"बघतो, बघतो. माझ्या बहिणीच्या लग्नाला निघालो होतो तेव्हाही हेच म्हणाला होतात. सगळा रस्ता टकटक. तिथे पोचेपर्यंत डोकं दुखलं माझं, आणि फोटोत मी कशी आलेय बघा!"

सासरेबुवा बोलणी खात होते. मी मागून आरशात त्यांचा चेहरा पाहिला. इतकं समाधानाने बोलणी खाणारा नवरा मी आजवर पाहिलेला नाही, आणि या विषयात माझा अनुभव दांडगा आहे.

मग काकूंनी मागे पाहिलं. "हे कोण?"

"जावई आहे."

काकूंनी विचार केला. "आपल्याला मुलगी कुठे आहे?"

"भंगारातली."

त्या हसल्या. मोकळं, जुनं हसू. "मग जरा अलीकडे सरका हो जावई. तिथे स्प्रिंग टोचते." आणि खरंच टोचत होती.

पाण्याच्या टाकीला वळसा घालून, शाळेवरून, चढाच्या तोंडापर्यंत जाऊन गाडी परत फिरली. तेवढ्या रस्त्यात काकूंनी नवऱ्याच्या कापायला झालेल्या नखांचा विषय काढला, डगल्याच्या तुटलेल्या बटणाचा काढला, नणंदेच्या जिभेवर दोन शब्द टाकले. घरासमोर इंजिन बंद झालं आणि त्यांचा चेहरा कुणी दिवा मालवावा तसा झाला. उतरताना त्या सासरेबुवांना म्हणाल्या, "बराच त्रास झाला तुम्हाला."

"रोज असंच," सासरेबुवा मला पुढे सोडायला नेताना म्हणाले. "गाडीत असते, तेवढी माझी असते. म्हणून ही गाडी चालत राहिली पाहिजे. बाकी मला काही नको."

आता त्यांचा यार्डातला उत्साह मला समजू लागला. योजनेत त्या जातीची गाडी आली, की ते लहान मुलासारखे तिच्याभोवती फिरायचे. एकीची रेडिएटरची टाकी, एकीचं सायलेन्सर, एकीचे ब्रेक. टोचणारी सीट गेली, नवी आली. शेवाळी गाडी दर महिन्याला तरुण होत होती. काकू रोज बसत होत्या, रोज दार आपटत होत्या, रोज "काढलं नाहीत ना अजून?" विचारत होत्या. सासरेबुवांची समजूत अशी, की काकू गाडीला ओळखतात, म्हणून त्यांना ओळखतात. यात एका अक्षराचीही चूक नव्हती. गाडी म्हणजे नेमकं काय, एवढाच प्रश्न होता, आणि तो त्यांना कधी पडला नाही.

एका संध्याकाळी काकू भांडता भांडता गप्प झाल्या. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "मी गेल्यावर काढणार आहात का ते?"

सासरेबुवांना ते लागलं. साहजिक आहे. त्या बाईने आयुष्यात दागिना मागितला नाही, प्रवास मागितला नाही. एक दार नीट करून मागितलं, आणि ज्याच्या अवतीभवती दारांचे ढीग पडलेत त्याला ते जमलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात एक पांढरी गाडी आली. सासरेबुवांनी तिच्या दाराला बोट लावलं आणि ते लोणी कापल्यासारखं मिटलं. ते धावत बगळ्याकडे गेले, त्याला क्रेनवरून खाली उतरवून आणलं आणि ते दार उघडमीट करून दाखवलं. बगळा म्हणाला, "दार आहे." यापेक्षा जास्त स्तुती त्याने कधी कुणाची केलेली नव्हती.

ते दार उतरवलं गेलं. घासलं, शेवाळी रंग तीनदा मिसळून पाहिला, तेव्हा कुठे मनासारखा जुळला. आणि शेवाळी गाडीचं जुनं दार, न उघडता, न पाहता, रीतीप्रमाणे पांढऱ्या गाडीला बसवलं गेलं. वजन जुळलं. मुदत संपली. पांढरी गाडी प्रेसमध्ये गेली.

मी त्या दिवशी यार्डातच होतो. सासरेबुवांनी हात दोनदा धुतले, भांग पाडला, डगल्याला बटण लावून घेतलं. "आज बोलणी नाहीत," मला म्हणाले. "आज शाबासकी."

पुढचं मला त्यांच्या बहिणीने सांगितलं. काकू गाडीत बसल्या. सवयीने दार उचलायला गेल्या. ते उचलायचं नव्हतंच, हलकंच टप् करून लागलं. गाडी निघाली. पहिलं वळण आलं, दुसरं आलं. आत इतकी शांतता, की काकूंच्या पर्सची साखळी ऐकू यावी. त्या मांडीवर हात ठेवून, नीट सावरून बसल्या होत्या. सासरेबुवा शाबासकीची वाट पाहत राहिले. चढाच्या तोंडाशी काकू म्हणाल्या, "चांगली आहे हो गाडी. कुणाची?"

आधी त्यांना वाटलं, रंगाचा वास. दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या. मग वाटलं, तब्येत. मग वाटलं, सीट बदलली म्हणून; ती टोचरी सीट शोधून परत बसवली. काकू रोज चक्कर मारून यायच्या आणि रोज ड्रायव्हरचे आभार मानायच्या.

शेवटी बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "अरे, तिला भांडायला काही ठेवलंस का तू?"

सासरेबुवा ताटावर बसले होते. ते तसेच उठले.

त्यांनी नवं दार उघडलं, आतलं कव्हर काढलं, पोकळीत एक नट टाकला. वळणावर नट वाजला. काकू म्हणाल्या, "भाऊ, गाडीत काहीतरी वाजतंय. गॅरेजमध्ये दाखवून घ्या एकदा." दुसऱ्या दिवशी नटाऐवजी बोल्ट. मग काचेची गोटी, मग एक जुनी किल्ली, मग बटण. बिजागरी सैल करून दार उचलून आपटावं लागेल असं केलं. काकू कधी आवाज ऐकायच्या, कधी नाही. ऐकला तर परक्या माणसाची गाडी बिघडल्याची काळजी करायच्या. इतकी वर्षं त्या दारात काय होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. सासरेबुवांनी कधी उघडून पाहिलंच नव्हतं. बहीण म्हणाली नाणं असेल, मालक म्हणाले काच वर-खाली करायच्या दांड्याचा तुकडा असेल. काकूंना विचारायची सोय नव्हती.

मग एका सकाळी मी वायपर आणायला गेलो, तर यार्डातलं काम थांबलेलं. सासरेबुवा ठोकळ्यांच्या थप्पीपुढे उभे होते. बगळा क्रेनने एकेक ठोकळा उतरवत होता. पांढरा असेल तो समोर ठेवत होता. बऱ्याच वेळाने एक सापडला, पांढऱ्या पत्र्याच्या घड्यांत एक शेवाळी घडी असलेला. सासरेबुवा त्याच्यापाशी उकिडवे बसले. त्या घडीला त्यांनी कान लावला. मग ठोकळा हलवायला गेले. अख्खी गाडी होती ती, हलते कशाची?

बगळा वरून म्हणाला, "बाजूला व्हा. मी हलवतो."

एवढ्यात मालक ओरडत आले. "काय तमाशा चाललाय? माल भरायचाय का नाही आज?" बगळ्याने खाली वाकून त्यांना काहीतरी सांगितलं. मालक म्हणजे काम थांबलं की शिव्याच देणारा माणूस. ते वळले. आत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने प्रेसचा खटका खाली ओढला. मग कटर बंद केला. पंप बंद केला. यार्डात मी पहिल्यांदाच पाखरं ऐकली.

क्रेनच्या पंजाने ठोकळा उचलला आणि हवेत डावीकडे झुलवला, मग उजवीकडे. खाली आम्ही सगळे माना वर करून, कानामागे हात धरून उभे. मोठी माणसं, तेलाने माखलेली, एका चेपलेल्या गाडीच्या पोटातला टक् ऐकायला. एरवी मी अशा दृश्यावर आठवडाभर हसलो असतो. साखळी करकरली. बाकी काही नाही.

"पुन्हा हलवू?" बगळ्याने विचारलं.

"हलव."

पुन्हा साखळी करकरली.

"झालं रे," सासरेबुवा म्हणाले. "ठेव खाली. हळू ठेव."

त्यानंतर बरेच दिवस मी गेलो नाही. सासुरवाडीला तोंड दाखवायचा धीर होईना. गेलो तेव्हा योजना संपली होती आणि सासरेबुवा त्याच सीटवर बसून एका नव्या जावयाला विचारत होते, "घरात रागीट कोण आहे?" मला बघून उठले. संध्याकाळ होत आली होती. "चला, सोडतो तुम्हाला. आधी बाईंना फिरवून आणू."

बाईंना, असं म्हणाले.

काकू पायरीवर उभ्या होत्या. सासरेबुवांनी उतरून त्यांच्यासाठी दार उघडलं, त्या बसल्यावर मिटलं. टप्. मला पाहून त्यांनी मान लववली; वाटेतला दुसरा उतारू समजल्या असाव्यात. टाकी मागे पडली, शाळा मागे पडली. पोकळीत आता काही टाकलेलं नव्हतं.

"भाऊ, तुमच्या घरी कोण असतं?" काकूंनी विचारलं.

"बायको असते."

"तिला आणता की नाही कधी फिरायला?"

"आणतो ना. रोज."

"बरं करता. आमच्या ह्यांना वेळच नसतो." काकू त्यांच्याकडे वळल्या. "तिचं ऐकता ना पण? बायकांचं कुणी ऐकत नाही. सांगून सांगून जीव जातो."

सासरेबुवांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "ऐकलं, बाई. एकदा ऐकलं."

"मग झालं तर," काकू समाधानाने म्हणाल्या.

घरासमोर गाडी थांबली. काकू उतरल्या, पर्स सावरली, खिडकीशी वाकल्या. "थांबा हं भाऊ, असेच जाऊ नका. ह्यांना बोलावते बाहेर. ते गाड्यांतलेच आहेत, तुमचं त्यांचं जमेल." आणि लगबगीने आत गेल्या.

आम्ही दोघे बसून राहिलो. उघड्या दारातून त्यांची हाक येत होती, या खोलीतून, मग त्या खोलीतून. "अहो! ऐकलं का? अहो, बाहेर कोण आलंय बघा!"

"आलो," सासरेबुवा म्हणाले. इतकं हळू, की मागच्या सीटवरच्या मलाच ते ऐकू आलं. मग त्यांनी डगल्याला हात पुसले, आरशात पाहून भांग नीट केला, आणि आपल्या बाजूचं दार उघडलं.